अठ्ठ्याऐंशीचे सव्वीस

मी एक जुना प्रोग्रॅम आहे, मित्रांनो. मुळात अवघ्या सहा ओळींचा, पायथन भाषेतला. शून्य आणि एक यांची बायनरी माळ घ्यायची आणि तिचा तुमच्या रोजच्या दशमान पद्धतीतला आकडा करून द्यायचा, एवढंच माझं काम.

कापड रंगवण्याच्या एका कारखान्यात संगणकाचं काम बघणाऱ्या ताईने मला लिहिलं. तयार सोय वापरली असती तर एका ओळीत भागलं असतं. पण रंगाची टाकी तिचा मामा सांभाळायचा, आणि त्याला सगळं कळलं पाहिजे हा तिचा हट्ट. "मामा, सुरुवातीला शून्य धरायचं. अंक आला की जवळचं दुप्पट करायचं आणि तो अंक मिळवायचा. एक, शून्य, एक, एक असे आले तर एक, दोन, पाच, अकरा."

"एवढंच? उगाच घाबरवता की गं आम्हाला!" मामा म्हणाला. मी फार सुखावलो.

नऊ वर्षं सुखाची गेली. टाकीतला सेन्सर तापमान मोजून आठ अंक पाठवायचा, मी आकडा करायचो, तो बोर्डावर उमटायचा. चाळीसच्या खाली आला की मामा झाकण उघडायचा. त्याआधी टाकीला तळहात मात्र लावायचाच.

मग सेन्सर बिघडला. कारखान्याच्या साहेबांनी नवा आणला. जुना मोठ्या स्थानाचा अंक आधी पाठवायचा, नवा उलट्या टोकापासून सुरू करायचा. माहितीपत्रकात तसं छापलं होतं. ताई रजेवर होती आणि साहेबांनी पत्रक न वाचताच खणात टाकलं. रिकाम्या टाकीत तपासणी झाली. थर्मामीटर छत्तीस, बोर्ड छत्तीस. साहेब खूश! अहो, छत्तीस म्हणजे ००१००१००. ही माळ कुठूनही वाचा, तीच. साहेबांनी तपासायला नेमका तोच आकडा घ्यावा!

दुसऱ्या दिवशी टाकी भरली, तापली, निवू लागली. बोर्डावर नव्वद आले, मग एकशे चोपन्न, मग सव्वीस. खरे होते अठ्ठ्याऐंशी. मला काय ठाऊक? येईल ते दुप्पट करत राहिलो.

"उघडा," साहेब म्हणाले.

"साहेब, आकडा माकडासारखा उड्या मारतोय. टाकीला हात लावून बघा, चटका बसतोय."

"हाताचंच ऐकायचं तर यंत्र कशाला आणलं? भाचीनेच लिहिलंय ना? मग ती चुकीचं लिहिते असं म्हणा. आजच कामावरून काढतो तिला."

ताईच्या पगारावर तिच्या दोन मुलांचं घर चालायचं. मामाने झाकणाची कडी काढली.

कोंडलेली वाफ आणि कढत रंग त्याच्या दोन्ही हातांवर उसळला. त्याची किंकाळी शून्य-एकांच्या माळेत आली नाही. पुढचे आठ अंक आले, त्यांचा आकडा करून दिला.

चौकशीत ताईने कागदावर एकेक अंक मांडून दाखवला. मी बरोबर होतो, माळ उलटी येत होती. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं. "म्हणजे प्रोग्रॅम बरोबर. आणि टाकी गरम आहे हे मामांना हाताने कळलं होतं, असं तुम्हीच म्हणता. मग उघडली कशाला?"

अहवालात लिहिलं, कामगाराचा निष्काळजीपणा. ताईने माझ्यात माळ उलटवणारी एक ओळ घातली आणि राजीनामा दिला. मामाने हात भाजून घेऊन वाचवलेली नोकरी तिने स्वतःच सोडली, आणि त्याने तिच्याशी बोलणं टाकलं.

मित्रांनो, आम्ही यंत्रं दिलेलं काम इमानाने करतो, म्हणूनच आमच्यावर डोळे मिटून विसंबू नका. नवा भाग जोडलात तर दहा वेगवेगळ्या आकड्यांवर तपासा. जो माणूस "चटका बसतोय" म्हणतो, त्याचं आधी ऐका.

मामाच्या तळहातांना आता ऊन-गार काही कळत नाही. दुसरं काम जमत नाही म्हणून साहेबांनी मेहेरबानी करून त्याला बोर्डासमोर बसवलंय. मी आकडा देतो, तो मोठ्याने वाचतो आणि दुसरा कोणीतरी झाकण उघडतो. उघडेपर्यंत मामा डोळे घट्ट मिटून घेतो.