सत्तावीस किलोंची मदत

विजेच्या खांबावर चढणाऱ्या माणसाला तक्रारीच्या फोनवर बसवणं ही शिक्षाच. लाइनमनला ती टायफॉइडने दिली. दोन महिने तो अंथरुणाला खिळला होता आणि उठला तेव्हा स्वतःचा शर्ट त्याला थोरल्या भावाचा वाटावा इतका वाळला होता. खात्याचा नियम असा, की मोठ्या दुखण्यातून उठलेल्याने खांबावर चढण्याआधी इंजिनियरसाहेबांसमोर आडव्या दांड्याला लटकून पाच पुलअप्स मारून दाखवायचे. पाय निसटला तर हातांनी स्वतःला वर ओढता आलं पाहिजे, एवढाच त्याचा अर्थ. मुदत दहा आठवड्यांची. जमलं तर खांब, नाहीतर कायमचा फोन.

त्याला एकही जमत नव्हता.

तो राहत होता सासूबाईंकडे. पुढे त्यांचं धान्याचं दुकान, मागे गोदाम, वर दोन खोल्या. घरजावई हा शब्द कुणी उच्चारला की त्याच्या कपाळाची शीर उडायची, आणि म्हणूनच तो त्या घरात पाण्याचा पेलासुद्धा कुणाला मागत नसे. गोदामाच्या छताखाली भिंतीत रोवलेला एक लोखंडी पाइप होता. दुपारी दुकान बंद असताना तो गुपचूप तिथे जाऊन लटकायचा. लटकायचा म्हणजे फक्त लटकायचाच.

कुणीतरी सांगितलं, रबरी पट्टा मिळतो, तो दांड्याला अडकवायचा, खालच्या फासात पाय ठेवायचा, की पट्टा तुम्हाला वर ढकलतो. त्याने मागवला. पाच रंगांत होते, त्यातला पिवळा, सगळ्यांत बारीक. आजारातून उठलेल्या माणसाने हलक्यापासून सुरुवात करावी, असा त्याचा सरळ हिशेब. आठवडाभर तो त्या पिवळ्या पट्ट्यावर पाय ठेवून दातओठ खात राहिला, आणि आठव्या दिवशी मागून आवाज आला.

"जावईबापू, हे काय चाललंय?"

सासूबाई दारात उभ्या. त्याने उडी मारली आणि उगाचच हात झटकले. लपवण्यात अर्थ नव्हता, म्हणून सगळं सांगून टाकलं. पोती तोलायचा चपटा काटा ओढत आणून सासूबाईंनी पाइपाखाली ठेवला.

"उभे राहा यावर."

"आई, कशाला उगाच..."

"उभे राहा म्हटलं ना!"

काट्यावर आकडा आला अडुसष्ट. मग पट्ट्यात पाय ठेवून, हात मोकळे सोडून उभं राहायला सांगितलं. आकडा आला एकसष्ट.

"सात किलो," सासूबाई म्हणाल्या. "अहो, सात किलोचा टेकू घेऊन अडुसष्ट किलोचा माणूस वर जाईल का? तुम्ही बाकीच्या व्यायामाचा नियम इथे लावलात. तिथे पट्टा तुमच्याविरुद्ध ओढतो, म्हणून अशक्ताला बारीक. इथे तो तुम्हाला वर ढकलतो. अशक्ताला जाड पाहिजे!"

लाइनमनचा आठवडा वाया गेला होता, आणि तो कुणामुळे गेला हेही उघड होतं.

दुसऱ्या दिवशी सासूबाई त्याच्याबरोबर खेळाच्या सामानाच्या दुकानात निघाल्या. पिशवीत आकड्याला लटकवून तोलायचा छोटा काटा आणि एक सुतळी. दांड्यापासून त्याच्या पावलापर्यंत किती अंतर, ते सुतळीवर गाठी मारून घेतलेलं. दुकानदाराने हिरवा पट्टा पुढे केला. खोक्यावर लिहिलं होतं, पंचवीस ते साठ किलो.

"पंचवीस की साठ?" सासूबाईंनी विचारलं.

"ताणण्यावर असतं हो मावशी."

"मग ताणून दाखवा. पंचवीस ते साठ किलो तांदूळ, असं मी बोलले तर गिऱ्हाईक पोतं माझ्याच डोक्यात घालेल."

बिचाऱ्या दुकानदाराने पट्ट्याचं एक टोक धरलं, लाइनमनने काट्याला दुसरं अडकवलं, आणि सुतळीच्या गाठीपर्यंत ताणून पाहिलं. पहिला हिरवा, बेचाळीस. "एवढा नको, हातांना काम उरणार नाही," सासूबाई म्हणाल्या. जांभळा, सत्तावीस. लाल, पंधरा. सासूबाईंनी रबर उन्हात धरून कुठे चीर आहे का ते बोटांनी चाचपलं आणि जांभळा नि लाल निवडले. शरमेने कान तापलेल्या लाइनमनला त्या क्षणी एक गोष्ट मनापासून कबूल करावी लागली. इतक्या बारकाईने त्याच्यासाठी कुणी काही निवडल्याला बरीच वर्षं झाली होती.

जांभळ्या पट्ट्यावर पहिल्याच दिवशी तीन झाले. त्याला रडू आलं, ते त्याने घामात खपवलं.

तिसऱ्या आठवड्यात गाडी अडली. हनुवटी दांड्याच्या चार बोटं खाली येऊन थांबायची. सासूबाईंनी पोत्यांवर काटा चढवून त्या उंचीला तोललं, तर पट्टा तिथे मदत करत होता जेमतेम पाच किलो. पट्टा खाली ताणलेला असतो तेव्हा जोर, वर सैल पडला की हात वर. मग त्यांनी स्टूल ठेवलं. स्टुलावरून वर चढायचं, हनुवटी दांड्यावर धरायची आणि त्या वीसपर्यंत मोजेस्तोवर हळूहळू खाली यायचं. त्यांचं वीस फार लांब असायचं. मध्येच गिऱ्हाईकाने बंद दारावर थाप मारली तर त्या बाराला थांबून साखर बांधून येत आणि तेरापासून पुढे मोजत. तो तोपर्यंत खाली कोसळलेला असायचा, हा भाग वेगळा.

जांभळा सुटला, लाल आला. नवव्या आठवड्यात लालही खुंटीला गेला.

परीक्षेच्या दिवशी पाचव्या पुलअपला तो अर्ध्यावर थरथरत राहिला. साहेब पेनचं टोपण उघडून बसले होते. हनुवटी वर गेली. साहेबांनी सही केली.

तो धावतच घरी आला. दुकानात जाऊन त्याने सासूबाईंच्या पायांना हात लावला आणि म्हणाला, "आई, तुमच्यामुळे झालं. मी मागितलंसुद्धा नव्हतं."

"सुखी राहा," त्या म्हणाल्या, आणि लगेच डाळ निवडायला बसल्या. चेहऱ्यावर म्हणावा तसा आनंद काही दिसला नाही. त्याला जरा चुटपूट लागली.

वर गेल्यावर त्याने बायकोला विचारलं, "आईंना बरं वाटलं नाही का गं?"

बायको कपड्यांच्या घड्या घालत होती. "तुला खरंच माहीत नाही? तू खांबावर असतोस ना, तोवर ती दुकानात खाली बसत नाही. लग्नानंतर पहिल्या दिवसापासून. पाय सुजतात तिचे. तू फोनवर होतास तेवढे महिने ती निवांत बसली."

"मग मला मदत कशाला केली?"

"मीही तेच विचारलं. म्हणाली, माझी भीती ही माझी आहे. त्याच्या डोक्यावर कशाला ठेवू?"

लाइनमन कॉटवर बसून राहिला. सत्तावीस किलो, पंधरा किलो, सगळं त्या बाईने तोललं होतं. स्वतःच्या मनावरचं ओझं मात्र तिने कधी काट्यावर चढवलंच नव्हतं. त्याला वाटलं, हे ऋण आपल्याच्याने फिटणार नाही, आणि न फिटलेलंच बरं.

सोमवारी तो पुन्हा खांबावर चढला. तारेचं काम तास-सव्वा तासाचं होतं. खाली उतरल्यावर सोबत्यांनी चहाला हाक मारली. कमरेचा सुरक्षा-पट्टाही न सोडता त्याने आधी खिशातून मोबाइल काढला.

"आई, मी बोलतोय. उतरलो खाली."

पलीकडे कुणीतरी गिऱ्हाईक काहीतरी मागत होतं, तेवढं ऐकू आलं.

"आई," तो म्हणाला, "बसा आता."