कोठीच्या खोलीतला पानमळा

दुकानदारानं बटण दाबलं आणि काउंटरवर टेकलेला चन्नबसम्माचा हात वांग्यासारखा जांभळा झाला. तिनं झटकन हात मागं घेऊन पदराखाली दडवला. दुकानदाराला हसू आलं. हाच खास झाडांचा दिवा, तो सांगू लागला, पुण्या-मुंबईचे लोक ह्याच्याखालीच घरात भाज्या काढतात, घ्यायचाच तर मोठा घ्या, लहान नेऊन पस्तावाल. बसवंतरावांनी चष्मा वर केला, खाली केला, दिवा मागून-पुढून न्याहाळला. बैल निवडावा तसं चाललं होतं त्यांचं. जन्म गेला उन्हात, आणि आता सत्तरी ओलांडल्यावर ऊन विकत घ्यायला ते परभणीच्या बाजारात उभे होते.

“सगळ्यात मोठा द्या,” ते म्हणाले.

ह्या जांभळ्या उजेडात पान दिसणार कसं, असं चन्नबसम्माच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण ती गप्प बसली. पानमळ्याच्या गोष्टीत बाईनं तोंड घालायचं नसतं, हे तिच्या अंगात इतकं मुरलेलं होतं, की पानमळा जाऊन एवढी वर्षं झाली तरी ते निघत नव्हतं.

पानमळा होता बोरीला. बसवंतरावांच्या आज्यानं लावलेला. शेवरी आणि पांगाऱ्याच्या दाट सावलीत नागवेली चढलेल्या, मधून पाटाचं पाणी झुळझुळत चाललेलं, आणि भर वैशाखातही आत माघासारखा गारवा. हा गारवा चन्नबसम्माला ठाऊक होता तो काट्यांच्या कुपाटीबाहेरून. त्यांच्या घरात बायका पानमळ्यात जात नसत. पुरुष जात तेसुद्धा चपला बाहेर काढून, देवळात जावं तसे. ती दुपारची भाकरी घेऊन जायची, कुपाटीशी उभी राहून हाक द्यायची, आणि नवरा नाहीतर थोरले दीर महालिंगअप्पा बाहेर येऊन शिदोरी घेऊन जायचे. तेवढ्या वेळात आतून एक ओला, तिखटसर वास यायचा आणि घामेजल्या तोंडावर गार वारं लागायचं. ते वारं खायला ती मुद्दाम जरा रेंगाळायची. भाकरी देऊन झाली तरी फडक्याची गाठ नीट कर, पदर सावर, असं काहीबाही करत उभी राहायची.

आत मात्र ती एकदाच गेली होती, लग्नाच्या पुढच्याच वर्षी. हाकेला कुणी ओ देईना म्हणून दोन पावलं टाकली, एवढंच. आणि नेमका त्याच पावसाळ्यात वेलींना मर लागला. बुडापासून काळ्या पडून वेलीच्या वेली कोलमडल्या. कुणी पाहिलं, कुणी सांगितलं देव जाणे, पण सासूनं चार माणसांत बोट दाखवलं, हिची सावली पडली. महालिंगअप्पांनी मान डोलावली. बसवंतराव खाली बघत बसले. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली असेल. पण अठरा वर्षांच्या पोरीला हे कोण सांगणार? तिनं ते खरं मानलं, आणि त्यानंतर कुपाटीपासूनही हातभर लांब उभी राहू लागली.

ती पानमळ्याची झाली ती ओसरीवर. खुडलेली पानं ओल्या फडक्यातून ओसरीवर यायची आणि मग तिचं राज्य सुरू व्हायचं. कोवळं वेगळं, पिकलं वेगळं, डागी वेगळं, देठाला देठ लावून कवळ्या बांधायच्या. पानाचा रंग बघून ती सांगायची की हे खालच्या वाफ्यातलं, तिथं पाणी साचतंय. आतलं एक झाड न बघता तिनं सगळा पानमळा ओसरीवर बसून ओळखला होता. हात कायम हिरवे, आणि नखांना तो वास. लेकरांना थोपटलं तरी लेकरांच्या अंगाला पानाचा वास यायचा.

मग विहीर आटली, वेली गेल्या, भावाभावांच्या वाटण्या झाल्या. हत्ती गेला आणि शेपूट राहिलं म्हणावं, तशी एक वेल तेवढी उरली. बसवंतरावांनी ती परभणीला लेकाच्या घरी आणून अंगणात हापशाच्या ओलीवर लावली. जगली बिचारी. पण गेल्या वर्षी लेकानं, वैभवनं, अंगणात सिमेंट केलं, आणि उन्हाळ्यात ते सिमेंट असं तापलं की वेल वरून आणि खालून दोन्हीकडून भाजली. वीतभर हिरवी काडी राहिली तेव्हा बसवंतराव जेवेनात. सून महेश्वरी पिंगळीच्या सरकारी दवाखान्यात नर्स होती. तिनं मोबाइलवर शोधून मार्ग काढला. मातीच नको, ती म्हणाली, खताच्या पाण्यात मुळं सोडायची, घरात, दिव्याखाली. काडीचे तीन तुकडे करून तिनं पेल्यात ठेवले आणि आठवड्या-दोन आठवड्यांत गाठींना पांढरी मुळं फुटली.

कोठीच्या रिकाम्या खोलीत टब मांडला. त्यावर भोकं पाडलेलं थर्माकोल, भोकांत वेलीचे तीन तुकडे, पाण्यात हवा सोडायला माशांच्या टाकीचा छोटा पंप, आणि वर वीतभर अंतरावर तो जांभळा दिवा. बसवंतराव चपला उंबऱ्याबाहेर काढून आत जायचे. महेश्वरी खुशाल आत-बाहेर करायची आणि ते तिला काहीच म्हणायचे नाहीत. चन्नबसम्मालाही त्यांनी मना केलं नव्हतं. पण ती उंबऱ्याशीच थांबायची. दुधानं तोंड पोळलेलं. शिवाय तेव्हा वेली शेकड्यांनी होत्या, आता तीनच. ह्या तीन गेल्या तर बोरीचा पानमळा ह्या जगातून पुसला जाणार होता, आणि तो आपल्या सावलीनं पुसला जावा ही कल्पनाच तिला सहन होत नव्हती.

पंधरवड्यात बसवंतरावांचा चेहरा उतरला. आत दिवा चालू, वर स्लॅब तापलेला, खोलीची नुसती भट्टी झालेली. पाण्यात बोट घातलं तर अंघोळीच्या पाण्यासारखं कोमट. आणि जांभळ्या उजेडात सगळी पानं काळी दिसत. कोणतं बरं, कोणतं आजारी, काही कळेना. शेवटी एक पान खुडून ते उंबऱ्याशी आले आणि तळहातावर ठेवून तिच्यापुढं धरलं.  तिनं पान दारातल्या उजेडात नेलं, उलटं केलं, बोट फिरवलं. शिरा हिरव्या आणि शिरांच्या मधलं सगळं पांढरं, कागदासारखं.

“रोग न्हाई ह्यो. दिव्यानं भाजलंय,” ती म्हणाली. आणि मग इतके दिवस दाबून ठेवलेलं बाहेर पडलंच. “तुमी आत सूर्य आणून टांगलाव. आपल्या पानमळ्यात सूर्य कुटं येत हुता? नाकापरीस मोती जड केलाव.”

बसवंतरावांनी मान वळवून आतल्या दिव्याकडं पाहिलं. मग त्यांना हसू फुटलं, कितीतरी दिवसांनी. खरंच की! सावलीत वाढलेली वेल ती, तिला एवढा दिवा कशाला? दुसऱ्या दिवशी दोघं पुन्हा बाजारात गेले. ह्या वेळी दुकानदाराशी चन्नबसम्माच बोलली. साधा पांढरा उजेड पाहिजे, घरातल्या ट्यूबसारखा, डोळ्याला न खुपणारा. दुकानदार एकेक दिवा लावत गेला आणि ती पिशवीतलं विड्याचं पान काढून त्याखाली धरत गेली. ज्या उजेडात पान ओसरीवरच्या सकाळसारखं दिसलं, तो तिनं घेतला.

मग उष्णतेची व्यवस्था लागली. नव्या दिव्याच्या पट्ट्या हातभर उंच टांगल्या. त्यांना वीज देणारा, तापणारा डबा वायर लांबवून खोलीबाहेर भिंतीला ठोकला. ही अक्कल महेश्वरीच्या मोबाइलची. छतावर तुराट्या पसरून वर ओली पोती टाकली, ही बोरीची. टबाला गोणपाट गुंडाळून ते भिजतं ठेवलं. दिवा पहाटेपासून ऊन चढेपर्यंत आणि पुन्हा उन्हं कलल्यावर. भर दुपारी खोलीत अंधार. आणि दाराशी कूलर, त्याचं ओलसर वारं आत. पहिल्या दिवशी कूलर लावला तेव्हा चन्नबसम्मा नेहमीच्या जागी, उंबऱ्याबाहेर उभी होती. आतून वारं फिरून आलं, ओलं, किंचित तिखट, आणि तिच्या तोंडावर लागलं. तिला भडभडून आलं. डोक्यावर भाकरीची टोपली नव्हती, पाय पोळत नव्हते, पण वारं तेच होतं. ती तिथंच खाली बसली आणि बराच वेळ उठली नाही.

आता सगळं मार्गी लागलं म्हणायचं, तर बसवंतराव मोरीत घसरले. खुब्याचं हाड मोडलं. शस्त्रक्रिया झाली, घरी आणलं, आणि बाहेरच्या खोलीत बाजेवर निजवलं ते निजवलंच. वेलीचं काम महेश्वरी सकाळी जाण्याआधी आणि संध्याकाळी आल्यावर करायची. वैभवची नोकरी जालन्याला, तो रविवारचा पाहुणा. दुपारी घरात ही दोघंच म्हातारी असत, एक बाजेवर आणि एक उंबऱ्यावर.

आणि मे महिन्यातल्या अशाच एका दुपारी गल्लीतला ट्रान्सफॉर्मर धडाम्‌ वाजला. पंखा थांबला, कूलर थांबला. मागोमाग पंपाची बुडबुड थांबली. महेश्वरीला फोन लावला तर ती बाळंतपणाच्या केसमध्ये अडकलेली. लाइनमन म्हणे संध्याकाळशिवाय काही होत नाही. खोली तापायला लागली. उंबऱ्यावरूनही चन्नबसम्माला वेलीचे शेंडे मान टाकताना दिसत होते.

“जा की आत,” बसवंतराव बाजेवरून म्हणाले. ती हलली नाही. त्यांनी कोपरावर उठायचा प्रयत्न केला, कळ आली, पडले. मग ते जे बोलले ते फार हळू बोलले.

“चन्ना, त्या वर्सी मर रोग पाण्यानं आला हुता. चर बुजला हुता, मुळाशी पाणी तुंबलं. मला तवाच ठावं हुतं. आईपुढं बोलायची हिंमत न्हाई झाली.”

चन्नबसम्मानं वळून नवऱ्याकडं बघितलं. राग आला तिला, खूप राग आला. एक शब्द, फक्त एक शब्द तेव्हा बोलला असतात तर? सगळी उमर बाहेर उभं राहण्यात गेली की हो. पण रागवायला पुढंही वेळ होता, वेलींना नव्हता. तिनं स्वयंपाकघरातून पाण्याचा माठ उचलला, कमरेवर घेतला आणि उंबरा ओलांडला.

पुढचं तिनं कसं केलं ते तिलाच आठवत नाही. टबातलं गरम पाणी काढून माठातलं गार ओतलं, गोणपाट भिजवलं, ओलं लुगडं दाराला बांधलं. पाण्यात हवा जाईना म्हणून तांब्यानं पाणी उचलायचं आणि उंचावरून धार सोडायची, पुन्हा उचलायचं, पुन्हा सोडायची. बसवंतराव बाजेवरून सांगत होते, धार बारीक ठेव, मुळावर सोडू नगंस, कडंला सोड. तिचे खांदे भरून आले. अंधाऱ्या खोलीत पाण्याचा आवाज तेवढा राहिला, पाटाचं पाणी चालल्यासारखा. महेश्वरी आली तेव्हा सासू टबाशेजारी मांडी घालून बसली होती आणि धार चालूच होती.

दोन वेली उभ्या राहिल्या. तिसरी गेली. बोरीच्या वेळी रडली नव्हती तेवढी चन्नबसम्मा त्या वेलीसाठी रडली, पण आपल्या सावलीला दोष मात्र तिनं दिला नाही. नवऱ्याशी पाच-सहा दिवस कामापुरतंच बोलली. मग रोज सकाळी ती आत जाऊ लागली, आणि बाहेर येऊन बाजेशी बसून सांगू लागली. आज शेंडा दोरीला लागलाय. आज नवं पान उलगडलंय, अजून तांबूस हाय. बसवंतराव डोळे मिटून ऐकायचे. कधी काही विचारायचे, आणि ती पुन्हा उठून, आत जाऊन, बघून यायची. पाऊस सुरू झाला तरी ते बाजेवरून उठू शकले नाहीत. आता उठणार नाहीत, हे दोघांनाही कळून चुकलं होतं.

श्रावणात थोरले महालिंगअप्पा भावाला भेटायला बोरीहून आले. नव्वदीला टेकलेले, पण ताठ. विचारपूस झाली, चहा झाला, बोरीच्या गोष्टी निघाल्या. वेल जगलीय म्हणतात, बघू तरी, असं म्हणत ते काठी टेकत उठले आणि कोठीच्या खोलीकडं निघाले, आपल्याच पानमळ्यात निघाल्यासारखे.

“अप्पा, थांबा,” बसवंतराव बाजेवरून म्हणाले. “पानमळा आता हिचा हाय. हिला इचारून जावा.”

महालिंगअप्पा थांबले. त्यांना वाटलं भाऊ चेष्टा करतोय, पण भावाच्या तोंडावर चेष्टा नव्हती. त्यांनी दाराच्या चौकटीला हात लावला आणि चन्नबसम्माकडं बघितलं. ह्या बाईला त्यांनी उभ्या आयुष्यात कधी काही विचारलं नव्हतं. तीही थोरल्या दिराशी कधी थेट बोलली नव्हती. जे काय सांगायचं ते लेकरांमार्फत, नाहीतर भिंतीला.

“जाऊ का आत?” म्हाताऱ्यानं विचारलं.

चन्नबसम्मानं हातातल्या कपबश्या खाली ठेवल्या. डोक्यावरचा पदर सारखा केला.  थोडा वेळ तिनं त्यांना तसंच उभं राहू दिलं.

“पाय धुऊन जावा,” ती म्हणाली.

महालिंगअप्पा मोरीकडं वळले.