शेडपासून पाच

प्रशांत सर बी.एस्सी.च्या वर्गात घसा कोरडा करून सांगायचे, "अरे, उत्तरापुढे एकक लिहा! नुसतं पाच म्हणजे काय? पाच नारळ?" रसिका गालात हसायची. आकडा बरोबर असताना एककापायी अर्धा मार्क कापणारे सर तिला भारी किरकिरे वाटायचे.

तिचे बाबा, गुणाजी, मे महिन्यात वागळे इस्टेटमधल्या एका शेडच्या पत्र्यावरून पडून गेले. पाय घसरला, असं सगळेच म्हणाले. बाबांचे कामावरचे जोडीदार भिवाकाका यांनी अपघाताच्या कागदावर जागेची आकृती काढून दिली होती. शेडची उंची ११ मी., आणि भिंतीपासून बाबा पडले तिथपर्यंत ५.

वर्गात कणाची गती शिकवून झाली आणि रसिकाला नको ती बुद्धी सुचली. ठाकुर्लीच्या घरी फाइलीतून तो कागद काढून ती गणित मांडून बसली. अकरा मीटर खाली यायला दीड सेकंद. तेवढ्यात पाच मीटर पुढे, म्हणजे सुटताना वेग सेकंदाला तीन मीटरच्या वर. घसरलेला माणूस इतका लांब जातोय कशाला? हा तर धावत येऊन उडी मारणाऱ्याचा वेग!

आता शहाण्याने गप्प बसावं की नाही? पण एवढं मोठं दुःख एकटीला पेलवेना. आई, कलावती, समोरच मेथी निवडत होती.

"आई, बाबा घसरले नाहीत गं. त्यांनी उडी मारली."

कलावतीने जुडी खाली ठेवली. ना रडली, ना ओरडली. "मला वाटलंच होतं," ती म्हणाली. "त्या सकाळी मी त्यांना नको नको ते बोलले. डबासुद्धा न घेता गेलेले."

दुसऱ्या दिवशी रसिकाने वही सरांपुढे धरली. कुणाचं गणित ते सांगितलं नाही. सरांनी चष्मा वर केला. "रीत बरोबर आहे. पण हे पाच काय? मीटर की फूट?"

तिने व्हरांड्यातूनच भिवाकाकांना फोन लावला.

"फूट गं पोरी. उंची शेडच्या पाटीवरून उतरवली. बाकी आपली टेप फुटाचीच."

पाच फूट म्हणजे दीड मीटर. वेग सेकंदाला जेमतेम एक मीटर. उतरत्या पत्र्यावरून पाय सुटलेल्या माणसाचा. बाबा घसरलेच होते! रसिका रडत, हसत घराकडे पळाली.

"आई, माझंच चुकलं गं! फूट होते ते, मी मीटर धरले! भिवाकाकांना विचार हवं तर!" तिने वही आईच्या मांडीवर ठेवली, खोडलेला आकडा दाखवला, नवा दाखवला, दोनदा समजावून सांगितलं.

कलावतीने ते खोडलेलं पान पाहिलं आणि वही मिटली. मग तिने रसिकाच्या डोक्यावरून हात फिरवला.

"राहू दे, बाळा," ती म्हणाली. "माझ्यासाठी किती खाडाखोड केलीस."