वानराची गाठ, पोचूचा अंगठा

मालगुजारी, म्हणजे गावाची जमीनदारी, जाऊन चार वर्षं झाली होती, तरी आरमोरीकडच्या त्या गावात सोमाजींना सगळे मालगुजारच म्हणत. वय अडुसष्ट. नुकतंच तिसरं लग्न झालेलं, आणि चार पायऱ्या चढल्या की धाप लागायची. त्यांची दमणी, म्हणजे बसायची छोटी बैलगाडी, हाकणारा पोचूही त्यांच्याच वयाचा.

एका सकाळी मालगुजारांनी त्याला बोलावलं आणि म्हणाले, "पोचू, बस."

चाळीस वर्षांत मालकांनी कधी 'बस' म्हटलं नव्हतं. पोचू दाराशीच उकिडवा बसला.

शेजारच्या खुर्चीत नागपूरचे डॉक्टर कस्तुरे बसले होते. कोपऱ्यात पिंजरा, आणि पिंजऱ्यात एक वानर पेरू खात होतं. दोन दिवसांपूर्वी पोचूनंच तो पिंजरा दमणीतून आणला होता. साहेबलोकांचा काही शौक असेल, असं त्याला वाटलं होतं.

"वानराच्या अंगातली एक गाठ काढायची," डॉक्टर म्हणाले, "आणि तिची चकती माणसाच्या अंगात शिवायची. सहा महिन्यांत म्हातारा जवान. परदेशात लोकांनी करून घेतलंय."

"कोनती गाठ जी?"

डॉक्टरांनी वाकून कानात सांगितलं. पोचूनं वानराकडे पाहिलं.

"आन मले कुठी शिवता?"

"तिथेच."

पोचूनं धोतर सावरून घट्ट धरलं. "पन मालक, जवान तं तुमाले व्हाचं हाय. मले काऊन?"

"अरे, पहिले तुह्यावर करून पाहू," मालगुजार मायेनं म्हणाले. "तू आपला जुना मानूस. पहिला मान तुहा."

डॉक्टरांनी कागद पुढे सरकवला. "इथे अंगठा लाव."

"वाचून दाखवा जी."

डॉक्टरांच्या कपाळाला आठी पडली. हत्यारं उकळायला दवाखान्यातल्या नर्स इंदुताईंना बोलावलं होतं. त्यांनी हात पुसले, कागद उचलला आणि वाचला, "शस्त्रक्रियेत काही बरंवाईट झाल्यास डॉक्टर जबाबदार राहणार नाहीत."

"बरंवाईट म्हंजे?"

"बरं नाही, नुसतं वाईट," इंदुताई म्हणाल्या. मग डॉक्टरांकडे वळल्या. "याआधी किती जणांवर केलंत?"

"सात."

"कसे आहेत ते आता?"

"पत्रं पाठवली होती," डॉक्टर चष्मा पुसत म्हणाले. "पत्ते बदलले असावेत."

पोचूनं बोटांवर हिशेब केला. मग म्हणाला, "मी मेलो तं मालक वाचले. मी जवान झालो तं मालक बी जवान होतीन. याच्यात माह्या वाट्याले काय आलं जी?"

"जवानी!" मालगुजार ओरडले.

"बायकोले इचारतो."

विचारायची गरजच पडली नाही. गोष्ट आधीच गावभर झाली होती. त्याची बायको धुरपता हातातलं सूप टाकून तणतणत आली.

"जवान करता याले? एकडाव होता जवान, तवा मीच सोसलं. आत्ता कुठी शानपन आलं त्याले! आन माही बी जवानी वापस आनता का?"

"स्त्रियांबाबत संशोधन चालू आहे," डॉक्टर पुटपुटले.

"म्हंजे तो जवान आन मी म्हातारी? वा रे डाक्टर!" ती पिंजऱ्याजवळ गेली. वानरानं गजांतून हात काढून तिचा पदर धरला. तिचा आवाज एकदम खाली आला. "याले इचारलं का कोनी? याची बी बायको असन झाडावर."

हा पिंजरा आपणच ओढून आणला, या विचारानं पोचूला मान वर करवेना. पण तो उठला.

"मालक, ऊन नाई पाह्यलं, पानी नाई पाह्यलं. तुमी म्हटलं ते केलं. हे नाई करत."

मालगुजार लालबुंद झाले. "तुह्यावाचून अडलं काय माह्यं? चला डाक्टर, माह्यावरच करा!" आणि खरंच जाऊन शस्त्रक्रियेसाठी मांडलेल्या टेबलावर आडवे झाले.

इंदुताईंनी शांतपणे कागद त्यांच्यापुढे धरला. "सही."

जन्मभर दुसऱ्यांचे अंगठे घेतलेल्या त्या माणसानं चष्मा लावून कागद वाचला. पुन्हा वाचला. कपाळावर घाम आला.

"आज अमावस्या हाय," ते उठून बसत म्हणाले.

"आज पंचमी आहे," डॉक्टर म्हणाले.

"पंचमीले तं आमच्या घरी सुईसुद्धा धरत नाई!"

डॉक्टर दुपारच्या मोटारीनं नागपूरला गेले. पोचू आणि धुरपतानं पिंजरा जंगलाच्या कडेला नेऊन उघडला. वानर उडी मारून मोहाच्या झाडावर चढलं आणि त्यानं मागे वळूनही पाहिलं नाही.

आठ दिवस मालगुजार पोचूशी बोलले नाहीत. नवव्या दिवशी नव्या गाडीवानानं त्यांना दमणीसकट धानाच्या बांधीत, भर खाचरात, पालथं घातलं. संध्याकाळी अंगाला हळद लावून, लंगडत ते स्वतः पोचूच्या दारात आले.

"पोचू, उद्या ब्रह्मपुरीले जाचं हाय," ते म्हणाले. थोडं थांबले. मग खाली बघत म्हणाले, "येतं का?"

असा प्रश्न पोचूला जन्मात कोणी विचारला नव्हता. उत्तर त्याच्या ओठांवरच होतं, पण त्यानं घाई केली नाही. तंबाखू मळली, दाढेखाली ठेवली, आभाळाकडे पाहिलं, धुरपताकडे पाहिलं.

"येतो जी," तो म्हणाला.