संध्याकाळचा हात

मावशीला पिस्तुलातलं ओ की ठो कळत नव्हतं, आणि हे ती कुणालाही छातीठोकपणे सांगायची. तिला कळायचे ते पाय. बुटांच्या कारखान्यात चौतीस वर्षं तिने फर्मे कोरले होते. फर्मा म्हणजे लाकडाचं पाऊल. त्याच्यावर कातडं ताणून बूट शिवतात. निवृत्त झाल्यावर पटाश्या आणि कानशी तिने तेल लावून गुंडाळून ठेवल्या होत्या. त्या पुन्हा बाहेर निघाल्या त्या भाचीपायी.

भाची नेमबाज. वय अडतीस. घरात तिला ‘पाचर’ म्हणत, कारण एकदा रुतली की ठोकूनही निघत नसे. वर्षापूर्वी ती जिन्यावरून घसरली आणि उजव्या अंगठ्याचं मूळ मोडलं. हाड जुळलं, पण तिथे गाठ राहिली, आणि पिस्तुलाची जुनी मूठ त्या गाठीला चावू लागली. संघात एकच जागा उरली होती. त्या जागेसाठीची चाचणी येत्या रविवारी होती, आणि प्रशिक्षकांनी आडपडदा न ठेवता सांगितलं होतं, यंदा जमलं नाही तर पुढच्या वर्षी नाव पाठवणार नाही. बाजारात तयार मुठी मिळतात, पण त्या धडधाकट हातांच्या. म्हणून भाची अक्रोडाचे ठोकळे घेऊन मावशीच्या दारात उभी राहिली होती.

मावशीने लाकूड कोरलं. कमी पडलं तिथे भुसा आणि गोंदाचं लुकण भरलं, ते ओलं असतानाच भाचीला मूठ धरायला लावली, आणि वाळल्यावर उंचवटे घासून काढले. पहिली मूठ बिघडली, दुसरी बरी झाली, तिसरीवर मावशी स्वतःच खूश झाली. परीक्षा सोपी होती. डोळे मिटून हात उचलायचा आणि मग डोळे उघडायचे; नळीच्या टोकावरची माशी मागच्या खाचेत आपसूक मधोमध दिसली पाहिजे. भाचीने डोळे उघडले आणि म्हणाली, अगदी मधोमध.

सरावाचे कागद ती रोज आणून दाखवायची. एकेका कागदावर दहा गोळ्यांची भोकं, सगळी मध्याजवळ दाटीवाटीने. मावशी ते खिडकीशी धरून कौतुकाने बघायची. बुधवारी तिने सहज कागद मोजले, तर चारच भरले. सामना साठ गोळ्यांचा असतो, एवढं एव्हाना तिलाही ठाऊक झालं होतं.

“उरलेले दोन कुठे?” तिने विचारलं.

भाची आधी म्हणाली, क्लबात राहिले. मग म्हणाली, फाटले. मावशी हात पुढे करून बसून राहिली. भाचीला हट्ट आईच्या बाजूने आला होता, आणि मावशी त्याच बाजूची. शेवटी पिशवीच्या तळातून दोन चुरगळलेले कागद निघाले. पाचव्यावरची भोकं उजवीकडे सरकली होती. सहाव्यावर तर मध्याला कुणी शिवलंच नव्हतं.

“तू एवढी राबलीस,” भाची म्हणाली. “वाटलं, मनगट जरा वळवून मीच जमवून घेईन.”

“चावणारा बूट गोड मानून घेतलास, तर लंगडणार तूच. मी नाही.”

मावशीला खरंच राग आला होता. तिने भाचीला रिकामं पिस्तूल देऊन कोऱ्या भिंतीसमोर उभं केलं आणि साठ वेळा हात उचलायला सांगितलं. स्वतः शेजारी स्टुलावर बसून तिच्या मनगटावर एक बोट ठेवलं, म्हणजे लबाडी झाली की शीर चुगली करेल. चाळीसपर्यंत शीर गप्प होती. त्रेचाळिसाव्याला ती ताठली. मावशीने पिस्तूल खाली ठेवायला लावलं आणि अंगठ्याच्या मुळाभोवती मापाची टेप गुंडाळली. आधीच्या मापापेक्षा एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, जास्त. हात सुजला होता, आणि फुगलेली गाठ पिस्तूल उजवीकडे ढकलत होती.

मावशीने कपाळावर हात मारून घेतला आणि हसत सुटली. पाय संध्याकाळी मोजावा, हे कारखान्यात नव्या कारागिरांना सांगून सांगून तिचा घसा बसला होता. दिवसभर उभं राहून पाय फुगतो, आणि बूट त्या पायाला बसावा लागतो. आणि भाचीचा हात मात्र तिने सकाळी, चहा झाल्यावर, ताजातवाना असताना मोजला होता. लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय.

“मूठ थकलेल्या हाताला बसवायची,” ती म्हणाली.

“मग पहिल्या चाळीस गोळ्यांना ती सैल पडेल.”

“तर पहिल्या गोळीलाच थकलेला हात घेऊन जा.”

भाचीने मनात हिशोब मांडला. म्हणजे सामन्याआधी साठ वेळा हात उचलायचा आणि वर साठ गोळ्या खऱ्या मारायच्या. आणि हात आणखी सुजला तर? मावशीला ते माहीत नव्हतं, आणि तिने तसं कबूलही केलं. म्हणून गुरुवारी आणि शुक्रवारी दोघींनी मोजून पाहिलं. हात एक सूत फुगला की सूज थांबत होती, मग पुढे कितीही उचला. मावशीने गाठीपाशी लाकूड खरवडलं आणि नवं लुकण भरलं. शनिवारी साठ वेळा हात उचलून झाल्यावर भाचीने डोळे मिटले, हात वर नेला, डोळे उघडले. मनगटावर मावशीचं बोट होतं. शीर हलली नाही.

“दम पुरेल?”

“पुरवीन,” भाची म्हणाली.

रविवारी मैदानामागच्या कोपऱ्यात ती भिंतीसमोर हात उचलत होती, तेव्हा प्रशिक्षक आले. सामन्याआधीच दंड संपवायचा हा कुठला शहाणपणा, असं त्यांनी विचारलं. मावशी तोंड उघडणारच होती, तेवढ्यात भाची “एकोणचाळीस” म्हणाली आणि तिने पुन्हा हात उचलला.

पहिले दोन कागद बेताचेच झाले. दंड दमलेला दिसत होता, आणि प्रशिक्षक मावशीकडे असे बघत होते, जणू तिनेच दूध उतू घालवलं. चौथ्या कागदानंतर भाची पाच गुणांनी मागे होती. पण आता इतरांचे हात थकू लागले, एकेकाची भोकं भरकटू लागली. भाचीचा हात पहिल्यापासून थकलेलाच होता. त्याला नवीन काही सोसायचं नव्हतं. मावशीने निशाणाकडे पाहिलंच नाही. ती फक्त ते मनगट बघत राहिली, शेवटच्या गोळीपर्यंत.

नंतर मूठ हातातून सुटेना. बोटं वळून तिथेच आखडली होती. मावशीने ती एकेक करून सोडवली, आणि सोडवता सोडवता तिचे डोळे भरून आले. तेवढ्यात प्रशिक्षक आले आणि म्हणाले, दोन गुणांनी पुढे, जागा तिची. त्यांनी मावशीला नमस्कारही केला, पण तिचं लक्ष नव्हतं.

भाचीने सहा कागदांची चळत तिच्या मांडीवर ठेवली होती. शेवटचे दोन सगळ्यात वर होते.