चौथी ओळ

मित्रांनो, गोधडी म्हटलं की तुम्हाला ऊब आठवत असेल. मला आधी उसवणं आठवतं. नेब्रास्कातल्या ओटर बेंड या कॉलेजच्या गावात, अर्डिस लिंडक्विस्ट नावाच्या एकट्या राहणाऱ्या बाईंच्या स्वयंपाकघरात माझा जन्म झाला आणि तिथेच बरीच वर्षं मी अर्धवट पडून होते. यात माझा काडीचाही दोष नाही, हे आधीच सांगून टाकते.

आमच्या गावाला मुलींच्या बास्केटबॉलचं भारी वेड. कॉलेजच्या संघात नवी मुलगी आली की चर्चमधल्या बायका तिच्यासाठी एक गोधडी शिवायला घेतात. दर हंगामात तिच्या जुन्या लाल शर्टाचे तुकडे कापून एक ओळ जोडायची. चार वर्षं, चार ओळी. शेवटच्या वर्षी गावातल्या अखेरच्या सामन्याआधी ती मुलगी आईवडिलांचे हात धरून मैदानाच्या मधोमध येते, तेव्हा गोधडी तिच्या खांद्यावर घालतात. चार ओळी झाल्याशिवाय द्यायची नाही, असा नियम.

मला शिवायला घेतलं ते डेलेनीसाठी. उंच, हसरी, लांबून चेंडू टाकण्यात पटाईत. अर्डिसबाई तिला चिली म्हणजे राजम्याची तिखट आमटी आणि दालचिनीचे गोड रोल खाऊ घालायच्या. माझ्या कोपऱ्यावर तिचं नाव भरलं, एक ओळ झाली, आणि वसंतात बातमी आली की डेलेनी दुसऱ्या कॉलेजात चालली. पूर्वी कॉलेज बदललं की मुलीला वर्षभर न खेळता बाकावर बसावं लागे. आता तो नियमच निघाला. नाव उसवलं, ओळही उसवली. मग आली जोसलिन. तिने तर निरोप घ्यायचेही कष्ट घेतले नाहीत. पुन्हा कात्री! संघ दर वर्षी कोरा करकरीत. मुली पास देण्याआधी आपलीच आहे ना, म्हणून चेहरा बघायच्या. हरायच्या, दुसरं काय! मला तर या पोरींचा अगदी वीट आला होता.

"यांच्या पायांना काय चाकं लावलीयत?" अर्डिसबाई टाके उसवता उसवता म्हणायच्या.

"अगं, नावं भरूच नकोस," शेजारच्या व्हर्नाबाई म्हणाल्या. "शर्टावरचा नंबर घाल. नंबर तरी इथेच राहतो."

मग सेंट लुईसहून तमीरा आली. अर्डिसबाईंनी तिचं नाव नुसत्या कच्च्या टाक्याने घातलं. पण ही टिकली. तीन ओळी झाल्या आणि मला आशा वाटू लागली. तेवढ्यात संघाचा कोच मोठ्या कॉलेजात गेला. गावाने त्याला चक्क मेजवानी दिली. काही दिवसांनी तमीरा स्वयंपाकघरात येऊन बसली. समोरच्या रोलला तिने हात लावला नाही.

"मिस अर्डिस, मी जातेय. प्रेअरी फोर्कला."

"तूसुद्धा? आणि तेही त्या हिरव्यांकडे?"

प्रेअरी फोर्क म्हणजे शेजारचं कॉलेज, आमचा जुना वैरी. त्यांचा हिरवा रंग आमच्या गावात कुणी पडद्यालाही वापरत नाही.

"नवा कोच म्हणाला, माझ्या जुन्या संघातल्या मुली मी घेऊन येतोय, तू तुझं बघ. मला फक्त हिरव्यांनीच बोलावलं. नाही गेले तर शिष्यवृत्ती बंद. शिक्षण सोडू का मग?"

अर्डिसबाईंचा चेहरा लाल झाला. "त्या पळून गेलेल्या बाप्याला केक मी केला होता. तीन थरांचा! आणि आता गाव बोल लावणार तुला."

मी कात्रीची वाट बघत होते. बाईंनी सुई घेतली आणि तमीराचं नाव पक्क्या टाक्याने भरून टाकलं.

पुढच्या हिवाळ्यात बाईंनी मागवलेला तमीराचा हिरवा शर्ट घरी आला.

"हिरवं? या घरात?" व्हर्नाबाई किंचाळल्या. "तुझा नवरा हॅरॉल्ड आधीच गेला ते बरं, नाहीतर आज गेला असता."

"बघवत नसेल तर डोळे मीट. आधी सुई तेवढी ओवून दे."

हिरव्यांच्या अखेरच्या सामन्याला अर्डिसबाई मला घेऊन गेल्या. तिथेही शेवटच्या वर्षाच्या मुली आईवडिलांचे हात धरूनच मैदानात येतात. तमीराची आई नर्स, तिला सुट्टी मिळाली नव्हती. म्हणून तमीराने बाईंचाच हात धरला. माइकवाला मुलगा गोंधळला.

"मॅडम, नातं काय सांगू?"

"हिला खाऊ घालणारी, असं सांग. आणि लवकर सांग, माझे गुडघे दुखतायत."

बाईंनी मला तिच्या खांद्यावर घातलं. तमीराने हिरव्या ओळीवरून हात फिरवला.

"पण चार ओळी झाल्याशिवाय देत नाहीत ना? तुमच्याकडे तर माझी तीनच वर्षं झाली."

"चार वर्षं खेळलीस ना? मग झालं तर."

तमीराने माझ्यात तोंड खुपसलं आणि ती हमसून हमसून रडली. इतकी वर्षं मी चिडले होते, पण त्या दिवशी भिजताना मला फार बरं वाटलं.

मित्रांनो, एखादी पोरगी निघून गेली की तिच्या नावाने बोटं मोडण्याआधी, तिच्यासाठी जागा कुणी ठेवली नाही ते विचारा. आणि कृपा करून उसवायला बसू नका. ती जिथे असेल तिथला एक तुकडा मागवा आणि पुढची ओळ जोडा.