पंधरा नंबरची पाटी

आमच्या गल्लीतली पाटी अकरा वर्षं आमच्या दारावरून टुणकन उडी मारून पुढे जात होती. मी अजिबात वाढवून सांगत नाही. चौदा नंबरच्या फ्राऊ हार्म्सच्या दारावरून ती रविवारी संध्याकाळी निघायची आणि आम्हाला, म्हणजे पंधरा नंबरला, वगळून थेट सोळा नंबरच्या हाइकोच्या दारावर जाऊन लटकायची.

पाटी साधीच, हिरव्या रंगाची, हातभर लांब. तिच्यावर पांढऱ्या अक्षरांत लिहिलंय 'ब्र्युकेनवाख', पुलाची राखण. आमचं लांगेफेन हे ओस्टरमेअरच्या तळ्याला जोडलेल्या कालव्यावरचं गाव. बाकीच्या जर्मनीत मेअर म्हणजे समुद्र, इथे मेअर म्हणजे तळं. इथली माणसं सरळ बोलणारी असतात या म्हणण्यावरचा माझा विश्वास तिथूनच उडायला सुरुवात झाली. अडीचशे वर्षांपूर्वी दलदल उपसायला लोकांनी हाताने हे कालवे खणले आणि ज्याने खणलं त्याला काठावरची जागा मिळाली. तेव्हापासून आमच्या गल्लीतला लाकडी पूल आठ घरांनी आळीपाळीने सांभाळायचा असा रिवाज आहे. एप्रिल ते मध्य ऑक्टोबर, रोज तीन ते पाच. बोट आली, भोंगा वाजला की हँडल फिरवून पूल उचलायचा. ज्याच्या दारावर पाटी, त्याचा तो आठवडा.

आठ घरांनी म्हणजे प्रत्यक्षात सातच.

मी गिअरबॉक्सवाला इंजिनिअर. र्युसेल्सहाइम सोडून इकडे आलो तेव्हा एजंटने घर दाखवताना पूल दाखवला आणि मी तिथेच खलास झालो. वजनाला वजन लावलेला, दोन साखळ्यांवर तोललेला, एका माणसाने उचलावा असा पूल! सुमेधा, माझी बायको, अजून म्हणते की घर तिने घेतलं आणि पूल मी. आणि त्या पुलाला हात लावायला अख्ख्या गल्लीत मी एकटाच नालायक? उजवीकडचं बेअरिंग कोरडं पडलंय हे मला स्वयंपाकघरात बसून ऐकू यायचं. किर्र, किर्र. हाइको हँडलला हिसके द्यायचा आणि मी इकडे चहाचा कप आपटायचो.

"तू विचारलंस का कधी त्यांना?" सुमेधा दरवर्षी विचारायची.

"आपण का विचारायचं? त्यांना दिसत नाही इथे घर आहे ते?"

"जयंत, अरे, एकदा विचारून तर बघ."

"गेनाऊ, अगदी! म्हणजे भीक मागितल्यासारखं. नकोच."

ऑफिसात मी हा किस्सा इतक्यांदा सांगितला की लोक कँटीनमध्ये माझ्यासमोर बसायचे टाळू लागले. इराने, आमच्या सोळा वर्षांच्या लेकीने, तर हात टेकले होते. "पापा, एस इस्ट नुर आइने ब्र्युके," ती म्हणायची. नुसता एक पूल आहे तो. हिचा जन्म जर्मनीतला, हिला अपमान कळणार कसा?

यंदा सप्टेंबरअखेर गेमाइंडेचं, म्हणजे इथल्या ग्रामपंचायतीचं, पत्र आलं. पुढच्या वसंतापासून पुलाला मोटर बसणार. बोटवाल्याने खांबावरचं बटण दाबायचं, पूल आपोआप वर. गल्लीने अडीचशे वर्षं केलेल्या सेवेबद्दल आभार. पत्र 'सर्व आठ घरांना' होतं. तो आठचा आकडा वाचला आणि माझं डोकं फिरलं. ते पत्र घेऊन मी तडक फ्राऊ हार्म्सकडे गेलो. पाटी त्या आठवड्यात तिच्याच दारावर होती. हंगामाचे दोनच आठवडे उरले होते.

फ्राऊ हार्म्स अठ्ठ्याहत्तर वर्षांची. नवरा गेला त्याला सहा वर्षं झाली. तिने मला बसवलं आणि नेहमीप्रमाणे आधी चहा केला. इथे चहाचं सोवळं फार. कपात खडीसाखर, वर चहा, कडेने साय, आणि ढवळायचं नाही. तीन कप हा इथला हक्क, त्याहून कमी घेतले तर यजमानाला लागतं. मी पहिला कप संपायच्या आतच सुरू झालो. अकरा वर्षं, म्हटलं. रस्त्यावरचा बर्फ आम्ही काढायचा, गल्लीच्या जेवणाला भाताचं पातेलं आमचं, आणि पुलाच्या वेळी आम्ही नाही? आमच्यात कमी काय आहे?

ती शांतपणे उठली आणि कपाटातून पुलाची वही घेऊन आली. कोणाचा कुठला आठवडा, ते त्या वहीत लिहिलेलं. तिने अकरा वर्षांपूर्वीचं पान काढलं. तिच्या नवऱ्याचं बारीक अक्षर होतं.

'क्र. १५: इच्छा नाही.'

"हे कोणी सांगितलं?" मी ओरडलोच.

"तुम्ही. या खुर्चीत बसून."

आणि मला सगळं आठवलं. आम्ही नवीन राहायला आलो तो आठवडा. हेर हार्म्सनी पाटी टेबलावर ठेवून विचारलं होतं, पुढचा आठवडा घेणार का? आणि मी हात जोडल्यासारखे करून म्हणालो होतो, "नाइन, नाइन, नको, कशाला, तुमचं इतकं छान चाललंय." आईने लहानपणी सांगलीत शिकवलेलं. दुसऱ्याच्या घरी पहिल्या खेपेला नको म्हणायचं. दुसऱ्या खेपेला जरा हळू नको म्हणायचं. तिसऱ्यांदा आग्रह झाला की 'बरं, थोडंच' म्हणून घ्यायचं. मी दुसऱ्या खेपेची वाट बघत बसलो होतो. अकरा वर्षं!

"पण पुन्हा का नाही विचारलंत?"

"तुम्ही नको म्हणालात." तिला माझा प्रश्नच कळला नाही. "शिवाय पहिल्याच कपानंतर तुम्ही चमचा कपात ठेवलात."

"म्हणजे?"

"चमचा कपात म्हणजे पुरे. माझा नवरा म्हणाला, माणूस बिचारा दमलेला दिसतो, त्याला त्रास नको."

मला स्वतःच्याच श्रीमुखात भडकावावीशी वाटली. अकरा वर्षं मी यांना मनातल्या मनात शिव्या घातल्या आणि हे बापडे अकरा वर्षं माझा मान राखत होते. राग आता काढायचा तरी कोणावर? आणि गंमत बघा, सगळा खुलासा झाला तरी ती 'आता घ्याल का' असं काही विचारेना. तिने दुसरा कप भरला. मी चमचा बशीतच ठेवला. तिसरा भरला. चमचा बशीत. चौथा. पाचव्या कपाला माझ्या लक्षात आलं की ही बाई मला सकाळपर्यंत चहा पाजेल, पण विचारणार नाही.

पन्नाशीला आलेल्या मला आठवेना, परक्याच्या घरी 'मला पाहिजे' असं मी कधी म्हटलं होतं.

"मला पाटी पाहिजे," मी म्हणालो.

"मग तसं सांगायचं ना," ती म्हणाली. "रविवारी घेऊन जा. माझ्यानंतर पंधराच येतो." मग कुठे मी चमचा कपात ठेवला.

शेवटचा आठवडा माझा. मी ऑफिसला आठवडाभर अर्ध्या दिवसाचा उरलाउब, म्हणजे रजा, टाकला. सोमवारी दुपारी बेअरिंगला ग्रीस भरलं, साखळ्या पुसल्या आणि तीनच्या ठोक्याला हँडलपाशी उभा राहिलो. एकही बोट आली नाही. मंगळवारी पाऊस, बुधवारी वारा. बोटी लोकांनी कधीच शेडमध्ये टाकल्या होत्या. बदकं तेवढी गेली, भोंगा न वाजवता.

शुक्रवारी एक कयाकवाला आला. मी धावलो. "उघडतो, थांबा!"

"नाइन, नाइन, काही गरज नाही," म्हणत तो पुलाखालून जायला कयाकमध्येच आडवा झाला.

"अहो, दोन मिनिटांचं काम! त्रास कसला त्यात? थांबा तर खरं!" मी काठाने त्याच्या बरोबर पळत आग्रह करत होतो. त्याने मागे वळून घाबरून पाहिलं आणि जोरजोरात वल्हवायला लागला.

"मग बोटीशिवायच उघड ना," इरा जर्मनमध्ये म्हणाली. "कोण बघतंय?"

बोट नसताना पूल उचलायचा नाही, वहीत पहिल्याच पानावर लिहिलंय. मी अकरा वर्षं फुकट घालवली असतील, पण नियम मोडून पूल उचलणार नाही, असं तिला सुनावलं. तरीही शनिवार कोरडा गेल्यावर मी रात्री जेवलो नाही. इतक्या वर्षांचा हेका आणि हाती काय, तर ग्रीसचे डाग.

रविवारी चारला इरा थर्मासमधून चहा घेऊन आली आणि माझ्याशेजारी कठड्यावर बसली. साडेचार झाले. मी हँडलवरचं कापड काढून घडी घालायला लागलो. तेवढ्यात तळ्याच्या बाजूने एक वल्ह्यांची नाव येताना दिसली. नावेत फ्राऊ हार्म्स, नवऱ्याचा पिवळा रेनकोट घालून. हिवाळ्यासाठी तळ्यावरची नाव घरी आणत असणार. पुलाच्या अलीकडे तिने नाव थांबवली.

"ब्र्युके, बिटे!" ती खालून ओरडली. पूल उघडा.

तिच्या डोक्यावर चांगली हातभर जागा मोकळी होती. माझ्या तोंडात आलंच होतं, अहो, कशाला, तशाच जा की. मी जीभ चावली.

"या!" मी म्हणालो. जर्मनमधलं या, म्हणजे हो.

हँडल फिरवलं. साखळ्या ताणल्या, पूल जागचा हलला आणि जराही किरकिर न करता वर गेला. खालून ती माझ्याकडे न बघता निघून गेली. मी पूल खाली केला. वळणापर्यंत जाऊन तिने नाव वळवली आणि परत आली.

"ब्र्युके, बिटे!"

"वास माख्ट झी डेन?" इराने विचारलं. काय करतेय ही? मी पूल उचलला. ती तळ्याकडे गेली, वळली, पुन्हा आली. तिसऱ्यांदा उचलताना मला समोरचं धड दिसत नव्हतं, डोळे भरून आले होते.

पलीकडे गेल्यावर मात्र फ्राऊ हार्म्सने दोन्ही वल्ही पाण्यातून काढली आणि चमचा कपात ठेवावा तशी नावेत आडवी ठेवली.